दूरदर्शनवरील पुढील महिन्याचे कार्यक्रम आणि गावची शेती

शेतीची कामे वेळेला बांधलेली असतात. पेरणीचा पंधरवडा एकदा टळला की तो त्या वर्षी परत येत नाही. म्हणून शेतकऱ्याला मिळणारा सल्ला योग्य असून भागत नाही. तो कामाच्या आधी मिळावा लागतो. दूरदर्शनवरील शेतीविषयक कार्यक्रमांच्या बाबतीत हीच गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. कार्यक्रम लागला, समोर बसलो, पाहिला व उठलो, एवढ्याने फारसा लाभ होत नाही. पुढील महिन्यात कोणते विषय येणार आहेत हे आधी जाणून घेऊन त्यांची सांगड गावच्या पिकांशी घातल्यास मात्र हेच साधन अत्यंत उपयुक्त ठरते. ही सांगड कशी घालावी याचा विचार या लेखात केला आहे.

थोडा पूर्वेतिहास

प्रसारणाचा शेतीसाठी उपयोग करून घेण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग आपल्याच भागात झाला आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साह्याने पुणे आकाशवाणी केंद्राने पाच जिल्ह्यांतील १५० खेड्यांत रेडिओ शेतकरी मंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत व आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. असे एकंदर वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. तीत असे दिसून आले की, मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे ही भर फारच अल्प होती. यंत्र तेच आणि आवाजही तोच होता. फरक पडला तो एकत्र बसून केलेल्या चर्चेमुळे. १९५९ पासून अशी मंडळे देशभर सुरू करण्यात आली.

दूरदर्शनचा आरंभ दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला. २६ जानेवारी १९६७ रोजी 'कृषिदर्शन' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यासाठी दिल्लीच्या आसपासच्या ८० खेड्यांत सामुदायिक संच बसविण्यात आले होते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्यावरील 'आमची माती, आमची माणसं' हा कार्यक्रम ग्रामीण भागात लोकप्रिय झाला. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांपर्यंत शिक्षण व शेतीचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. पुढे २६ मे २०१५ रोजी केवळ शेतीसाठी 'डीडी किसान' ही स्वतंत्र वाहिनी सुरू झाली.

त्या काळी गावात एकच संच असे व लोक आपोआप एकत्र येत. आता संच घरोघरी आहेत आणि पुष्कळ कार्यक्रम भ्रमणध्वनीवरही पाहता येतात. पाहण्याची सोय वाढली, परंतु चर्चेची बैठक मोडली. ती पुन्हा बसविणे हे विस्तार कार्यकर्त्याचे काम आहे.

महिन्याचा तक्ता

येणाऱ्या कार्यक्रमांची पूर्वसूचना पडद्यावर, तसेच वाहिन्यांच्या संकेतस्थळांवर व समाजमाध्यमांवर दिली जाते. अनेकदा एका भागाच्या शेवटी पुढील भागाचा विषय सांगितला जातो. विस्तार कार्यकर्त्याने ही माहिती जमवून महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात पुढील महिन्याचा तक्ता तयार करावा. त्यात चार रकाने पुरेत: दिवस व वेळ, विषय, आपल्या गावातील त्या विषयाशी संबंध, आणि त्यासाठी आधी करावयाची तयारी. हा तक्ता ग्रामपंचायत, सहकारी सोसायटी व दूध संकलन केंद्र या ठिकाणी लावावा. प्रसारणाच्या वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी खात्री करून घ्यावी.

विषय पुष्कळ असतात, पण सर्वच आपल्या उपयोगाचे नसतात. ज्या गावात फळबाग नाही, तेथे द्राक्षाच्या छाटणीचा कार्यक्रम तक्त्यात घेण्याचे कारण नाही. महिन्यातून तीन किंवा चार विषय निवडावेत व त्यांवरच लक्ष द्यावे.

चारही रकान्यांत शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. पेरणीच्या दिवशी उगवणशक्तीचा कार्यक्रम पाहणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खोदण्यासारखे आहे. पुढील उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

हंगामानुसार विषय व आधीची तयारी

*मे व जून.* या काळात बियाणे, बीजप्रक्रिया व पेरणी हे विषय असतात. सोयाबीनचे घरचे बियाणे वापरणाऱ्यांनी त्याची उगवणशक्ती तपासलीच पाहिजे. त्यासाठी सरसकट १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने ठेवावेत, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे व ओल कायम राखावी. सहा-सात दिवसांनी सशक्त कोंब आलेले दाणे मोजावेत. सत्तर किंवा त्याहून अधिक दाणे उगवले असल्यास शिफारशीप्रमाणे बियाणे वापरावे. कमी उगवले असल्यास प्रमाण वाढवावे आणि उगवण फारच कमी असल्यास ते बियाणे पेरू नये. या तपासणीला एक आठवडा लागतो, म्हणजे हा विषय मे महिन्यातच हाती घेतला पाहिजे. पेरणी मात्र ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्यावर, जमिनीत पुरेशी ओल असताना करावी. पहिल्या सरीवर घाई केल्यास आणि पुढे पावसाने ताण दिल्यास दुबार पेरणीची आपत्ती ओढवते व बियाण्याचा, खताचा आणि मजुरीचा सारा खर्च वाया जातो.

*जुलै ते सप्टेंबर.* कपाशीवरील गुलाबी बोंडअळी हा या काळातील महत्त्वाचा विषय आहे. ही अळी बोंडाच्या आत राहते, म्हणून नुकसान डोळ्यांना दिसेपर्यंत उपायाची वेळ निघून गेलेली असते. पेरणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत व त्यांत रोज किती पतंग सापडतात ते लिहून ठेवावे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ किंवा अधिक पतंग आढळल्यास उपाययोजनेची वेळ आली असे समजावे. सापळे शेतात आधीच लावलेले असतील, तरच या विषयावरील कार्यक्रम पाहताना शेतकऱ्याला आपल्या वहीतील आकडे ताडून पाहता येतील.

*ऑक्टोबर व नोव्हेंबर.* ज्वारी, हरभरा व गहू ही रब्बी पिके या वेळी पुढे येतात. कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या मुदतीत करावयाची असते, म्हणून तिचा विषय सप्टेंबरच्या तक्त्यातच घ्यावा. हरभऱ्यासाठी घाटेअळीचे सापळे व पक्षिथांबे यांची तयारी आधी ठेवावी.

*डिसेंबर ते फेब्रुवारी.* कपाशीची फरदड न घेता डिसेंबरअखेर शेत मोकळे करावे, हा विषय प्रत्येक कापूस पिकविणाऱ्या गावाने घेतला पाहिजे. शेतात उभ्या राहिलेल्या पऱ्हाटीवर व बोंडांत अळीला आसरा मिळतो व पुढील वर्षी तीच कीड सर्व शिवारावर येते. एकाने फरदड ठेवली की शेजाऱ्याचेही नुकसान होते. म्हणून हा विषय घरोघरी पाहून सोडून न देता सर्वांनी मिळून चर्चेस घ्यावा व गावाने एकमताने निर्णय करावा.

पाहिलेला सल्ला आपल्या शेताला लागू आहे काय?

सार्वजनिक प्रसारण सर्व देशासाठी असते. 'डीडी किसान'वरील पुष्कळसे कार्यक्रम हिंदीत असतात व त्यांत उत्तरेकडील शेती अधिक दिसते. त्यातील सल्ला चुकीचा नसतो, पण तो कोठला आहे हे पाहिले पाहिजे.

गव्हाचे उदाहरण घेऊ. पंजाब-हरियाणात जमीन गाळाची, थंडी दीर्घकाळ टिकणारी आणि सिंचनाची सोय मोठी. आपल्याकडे जमीन बहुधा काळी, थंडी थोडे दिवसांची व फेब्रुवारीपासून उन्हाचा ताव वाढणारा. तेथे उत्तम येणारे वाण आपल्याकडे तसेच येईल असे नाही. आपल्यासाठी निफाडच्या गहू संशोधन केंद्राने त्र्यंबक, तपोवन व फुले समाधान यांसारखे वाण दिले आहेत. बागायती गव्हाची वेळेवर पेरणी आपल्याकडे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. परंतु पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटण्याच्या अवस्थेत पाणी चुकवू नये, ही गोष्ट लुधियानाच्या गव्हाला जितकी लागू आहे तितकीच नाशिकच्या गव्हालाही लागू आहे.

यावरून एक साधा नियम सांगता येतो. पिकाच्या वाढीची अवस्था, किडीचा जीवनक्रम व बीजप्रक्रियेची पद्धत यांविषयीचे ज्ञान सहसा सगळीकडे उपयोगी पडते. वाण, पेरणीची तारीख, खताची मात्रा आणि पाण्याच्या पाळ्या या गोष्टी मात्र स्थानिक शिफारशीप्रमाणेच ठरवाव्यात. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठे आपापल्या विभागासाठी अशा शिफारशी देतात. कार्यक्रमात ऐकलेला आकडा त्यांच्याशी पडताळून पाहिल्याशिवाय अमलात आणू नये.

फवारणीच्या बाबतीत विशेष दक्षता

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. औषधासंबंधी अर्धवट माहिती किती घातक ठरते याची ही घटना कायमची आठवण आहे. पडद्यावर औषधाचे नाव व प्रमाण क्षणभर दिसते. ते घाईने लिहून घेताना एखादा आकडा चुकला, तर पीक जळते किंवा माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून फवारणीचे प्रमाण केवळ ऐकून ठरवू नये. डब्यावरील माहितीपत्रक वाचावे व कृषी कर्मचाऱ्याकडून खात्री करून घ्यावी. दोन-तीन औषधे शिफारशीवाचून एकत्र मिसळू नयेत. डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा: तांबडा सर्वांत विषारी व त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा. हातमोजे व तोंडावर पट्टी वापरावी, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये आणि उपाशीपोटी हे काम करू नये. ज्या आठवड्यात फवारणीचा कार्यक्रम असेल, त्या आठवड्यातील चर्चेस मजुरी करणाऱ्या स्त्री-पुरुषांनाही अवश्य बोलवावे, कारण पंप बहुधा त्यांच्याच पाठीवर असतो.

चर्चेची बैठक

पंधरा ते वीस शेतकऱ्यांचे मंडळ पुरेसे आहे. त्यात अल्पभूधारक व स्त्रियाही असाव्यात. कार्यक्रम प्रत्येकाने घरी पाहिला तरी चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सायंकाळी पारावर किंवा ग्रामपंचायतीत अर्धा तास एकत्र बसावे. ज्यांना प्रसारणाच्या वेळी वीज नसल्यामुळे कार्यक्रम पाहता आला नाही, त्यांना तो नंतर यूट्यूबवर उपलब्ध असल्यास बैठकीत दाखवावा. चर्चा भरकटू नये म्हणून पुढील चार प्रश्न क्रमाने घ्यावेत.

१. कार्यक्रमात नेमके काय सांगितले?

२. आपल्या जमिनीला, पावसाला व पाण्याला त्यातील काय लागू आहे?

३. त्यासाठी किती खर्च येईल व माल कोठे मिळेल?

४. या हंगामात ते कोण व किती क्षेत्रावर करून पाहणार?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय बैठक संपवू नये. एखाद्या शेतकऱ्याने पाच गुंठ्यांवर प्रयोग करण्याचे कबूल केले, तर तेवढ्यानेही काम पुढे जाते. त्याच्या शेजारी नेहमीच्या पद्धतीचा तेवढाच तुकडा ठेवावा, म्हणजे फरक सर्वांना पाहता येईल. ज्या शंकांचे उत्तर गावात मिळत नाही, त्या लिहून ठेवाव्यात व कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांना किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर विचाराव्यात.

विस्तार कार्यकर्त्याने प्रत्येक बैठकीची नोंद ठेवावी. कोणता विषय पाहिला, कोणी काय करण्याचे ठरविले आणि हंगामाअखेर काय निष्पन्न झाले, या तीन गोष्टी लिहिल्या तरी पुरे. हंगाम संपल्यावर त्यातील यश-अपयश मंडळासमोर वाचून दाखवावे. अपयशाची कारणे कळली म्हणजे पुढील वर्षाचा तक्ता अधिक अचूक होतो.

समारोप

दूरदर्शन प्रयोगशाळेतील ज्ञान आपल्या ओसरीपर्यंत आणून देते. तेथून बांधापर्यंतचे अंतर शेतकऱ्याने व कार्यकर्त्याने स्वतः चालावयाचे आहे. महिना उजाडण्यापूर्वी विषय निवडावेत, लागणारी सामग्री आधी जमवावी, पाहिलेले पडताळून घ्यावे व थोड्या क्षेत्रावर करून पाहावे. हा क्रम प्रत्येक गावाने चालू महिन्याअखेरच सुरू करावा, म्हणजे येणाऱ्या हंगामात त्याचे फळ शेतात दिसू लागेल.