ओठांवर पहारा
लेखमाला : विश्वासाची रोजची लढाई – लेखांक ५

मागच्या लेखांकात आपण इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय वाचला. सत्याचा कमरपट्टा, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आत्म्याची तलवार अशी शस्त्रसामग्री संत पौलाने तिथे मांडली आहे. ती संपताच तो जागरणाकडे आणि अखंड प्रार्थनेकडे वळतो. तो भाग आजच्यासाठी राखून ठेवला होता. शस्त्रं अंगावर आहेत, पण सोमवारी सकाळी स्वयंपाकघरात, शेतात, ड्युटीवर ती चालवायची कशी, हे तिथे कळतं.

आजचा विचार मी वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातलं नाचणगाव डोळ्यांपुढे ठेवून मांडतो आहे. हे गाव पुलगावला चिकटून आहे आणि पुलगावात लष्कराचं मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली, स्फोट झाले, जवान, अधिकारी आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले, आसपासच्या वस्त्यांतल्या लोकांना अंधारात घरं सोडावी लागली. अशा ठिकाणी ‘युद्ध’ ही उपमा सहज तोंडी येऊ नये. शस्त्रं काय करतात हे इथल्या माणसांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. म्हणूनच पौलाचं म्हणणं इथे अधिक काळजीने ऐकायला हवं : आपली झुंज रक्तामांसाच्या माणसांशी नाही. जाऊ, सासरा, बांधाला बांध असलेला शेतकरी, दुसऱ्या धर्माचा शेजारी, यांच्यापैकी कोणीही या लढाईत शत्रू नाही. हे एकदा पक्कं केलं नाही, तर पुढचं सगळं शिक्षण उलट्या दिशेने जातं.

वर्धा जिल्ह्यात ख्रिस्ती माणसं एक टक्काही नाहीत. चंद्रपूर आणि गडचिरोलीसोबत हा जिल्हा चंद्रपूर धर्मप्रांतात येतो. १९७७ साली स्थापन झालेला हा धर्मप्रांत सिरो-मलबार परंपरेचा आहे. रोमशी पूर्ण एकरूप, पण उपासनेची घडण पूर्वेकडच्या सिरियाक ख्रिस्ती परंपरेची. विदर्भातल्या कॅथलिकाला त्यामुळे एक ठेवा आपसूक मिळाला आहे आणि त्याची पुरेशी जाणीव आपल्याला नाही, असं मला वाटतं. या परंपरेत उपासनेचा दिवस सूर्योदयाला नव्हे, सूर्यास्ताला सुरू होतो. संध्याकाळच्या प्रार्थनेला ‘रामशा’ म्हणतात, सकाळच्या प्रार्थनेला ‘सप्रा’. दिवसभराच्या कामाने थकलेला माणूस रामशाला उभा राहतो, तेव्हा त्याचा दिवस संपलेला नसतो, नवा दिवस सुरू होत असतो. आदल्या दिवसाचं भांडण घेऊन त्यात शिरायचं की ते दाराबाहेर ठेवायचं, हे तिथेच ठरतं.

रामशात एक स्तोत्र कायम असतं : १४१वं. आपली प्रार्थना धूपासारखी देवापुढे वर जावी, असं त्यात मागितलं आहे. हा भाग सगळ्यांना आठवतो, कारण त्या वेळी धूप जळत असतो. त्याच्या लगेच पुढची मागणी मात्र आपण भराभर म्हणून टाकतो. स्तोत्रकर्ता देवाला विनवतो, की त्याने तोंडावर पहारेकरी बसवावा आणि ओठांचं दार राखावं. संध्याकाळची वेळ यासाठी किती नेमकी आहे! माणसं दमलेली, मुलं भुकेली, कापसाच्या भावाची चिंता, मोबाइलवर नात्यातल्या कोणाचा तरी खोचक निरोप. दिवसातला सगळ्यात विषारी शब्द बहुतेक घरांत याच तासाभरात उच्चारला जातो. सैतान घरात शिंगं लावून येत नाही. तो ‘मी आधीच सांगितलं होतं’ या वाक्यातून येतो. रामशाची परंपरा नेमक्या त्या घडीला ओठांवर पहारा मागते. आध्यात्मिक लढाईचा याहून व्यवहारी धडा मला दुसरा माहीत नाही.

या लढाईतलं रणांगण मन आहे, हे चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांनी बारकाईने टिपून ठेवलं. त्यांच्यातला एक, इव्हाग्रियस (मृत्यू ३९९), याने माणसाला घेरणाऱ्या विचारांचे आठ प्रकार केले : खादाडपणा, कामवासना, पैशाचा लोभ, खिन्नता, राग, मरगळ, पोकळ बढाई आणि गर्व. सात महापापांची पुढची यादी याच मुळातून आली. मरगळीचं त्याचं वर्णन तर मे महिन्यातल्या विदर्भात बसून लिहिल्यासारखं आहे. भर दुपारी सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं, माणूस पुन्हा पुन्हा खिडकीबाहेर डोकावतो, कोणी भेटायला येतंय का ते पाहतो, मग आपलं काम, आपली जागा, आपली माणसं सगळंच नकोसं होतं. हा आळस नव्हे. आपण आहोत तिथे देव भेटणार नाही, अशी ती कुजबुज आहे.

त्यावर इव्हाग्रियसने एक हत्यार घडवलं. बायबलमधली सुमारे पाचशे वचनं निवडून त्याने या आठ विचारांखाली लावली. जो विचार येईल, त्याला त्याचं वचन उत्तर म्हणून उच्चारायचं. ही रीत त्याने येशूकडूनच घेतली. अरण्यात येशूची तीनदा परीक्षा झाली आणि तिन्ही वेळा त्याने अनुवादाच्या पुस्तकातल्या वचनाने उत्तर दिलं. त्याने वाद घातला नाही, सैतानाशी लांबलचक बोलणं केलं नाही. मोहाशी चर्चा सुरू केली की निम्मी लढाई हरलीच, हे तिथून शिकण्यासारखं आहे. पाचशे वचनं पाठ करण्याची आपल्याला गरज नाही. स्वतःचा एक दुबळा कोपरा ओळखावा आणि त्यासाठी एकच वचन जिभेवर तयार ठेवावं.

तो दुबळा कोपरा ओळखायचा कसा? इथे संत इग्नेशियस लोयोला कामाला येतो. पूर्वायुष्यात तो सैनिक होता. १५४८ साली पोपने मान्यता दिलेल्या त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात तो म्हणतो, की शत्रू किल्ल्याभोवती फिरणाऱ्या सेनापतीप्रमाणे तटबंदीची सर्वांत कच्ची बाजू शोधतो आणि तिथूनच चढतो. उपाय म्हणून त्याने एक साधी वही सुचवली. ज्या एका दोषाशी झगडायचं, त्याची आठवण सकाळी उठताच ठेवायची. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर मागे वळून पाहायचं आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके एका ओळीवर काढायचे. आजची ओळ कालच्या ओळीशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचा. शाळेतल्या पोरालाही जमेल अशी ही रीत आहे. त्याचे आणखी दोन नियम मला फार मोलाचे वाटतात. मन कोरडं पडलं असेल, प्रार्थनेत काहीच जाणवत नसेल, तेव्हा आधी केलेला निश्चय बदलू नये. उलट प्रार्थना थोडी वाढवावी. आणि मोहाला गुप्तता हवी असते, म्हणून तो समजूतदार आध्यात्मिक मार्गदर्शकापुढे किंवा पापनिवेदनात बोलून टाकावा. उजेडात आलेल्या मोहाची अर्धी ताकद तिथेच जाते.

अंतर्बाह्य झुंजीची ही भाषा मराठीला परकी नाही. रोजच्या जगण्यालाच लढाई म्हणणारा, बाहेर जग आणि आत मन अशा दोन्ही आघाड्या सांगणारा तुकोबांचा अभंग कोणाला ठाऊक नाही? फादर स्टीफन्स यांचं मराठी ओव्यांतलं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापलं गेलं, तेव्हा तुकोबा लहान होते. आपल्या भाषेत ही वाट दोन्ही बाजूंनी मळलेली आहे.

जपमाळेबद्दल थोडंच सांगतो, कारण तिच्यावर स्वतंत्र लेखांक येणार आहे. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. आपल्याकडे कापूस वेचणीला लागतो त्याच सुमारास. सगळी पाच दशकं एका बैठकीत होत नसतील, तर एक दशक सगळ्यांनी मिळून म्हणावं. एकत्र म्हणण्याला वजन आहे. महादूत मायकलची प्रार्थना अनेक घरांत जपमाळेनंतर म्हणतात. पोप तेरावे लिओ यांनी १८८६ साली ती मिस्सानंतरच्या प्रार्थनांत घातली. १९६०च्या दशकातल्या उपासना-सुधारणांत ती तिथून गेली, पण संत जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ साली ती विसरू नका असं सांगितलं, आणि २०१८च्या ऑक्टोबरात पोप फ्रान्सिस यांनी जपमाळेबरोबर ती म्हणायला सगळ्या श्रद्धावंतांना आवाहन केलं.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. सैतान आहे, हे ख्रिस्तसभा शिकवते आणि मीही मानतो. पण शेजारणीच्या अंगात तो शिरला आहे हे ठरवण्याचा अधिकार ख्रिस्तसभेने तुम्हाला-मला दिलेला नाही. लॅटिन परंपरेच्या कॅनन कायद्याच्या ११७२व्या कलमानुसार बाधित माणसावरचा भूतनिवारण विधी करायला बिशपांची खास परवानगी असलेला धर्मगुरूच लागतो, आणि हा आजार तर नाही ना याची खात्री आधी करून घ्यावी, असं धर्मशिक्षणाचा ग्रंथ सांगतो. करणी, भानामती यांच्या नावाखाली आपल्या भागात बायकांचे किती हाल झाले, हे आपण जाणतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं त्याखाली गुन्हा आहे. कॅथलिकांनी या कायद्याकडे संशयाने पाहण्याचं काहीच कारण नाही. घरात कोणी रात्र रात्र झोपत नसेल, कानात आवाज ऐकत असेल, जीव द्यायची भाषा करत असेल, तर सेवाग्रामच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथे घेऊन जा. सोबत जाताना प्रार्थना करा. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे.

कोणी विचारेल, ओठांवर पहारा, एखादं वचन, ठिपक्यांची ओळ, इतक्या साध्या गोष्टींना लढाई का म्हणायचं? कारण त्या रोज करायला गेलं की कळतं. धर्मशिक्षणाच्या ग्रंथात ‘प्रार्थनेची लढाई’ असा एक पूर्ण भागच आहे. लक्ष विचलित होणं, वेळ नाही असं वाटणं, मागितलेलं मिळालं नाही म्हणून रुसणं, या सगळ्यांना त्यात नावानिशी जागा आहे. संध्याकाळी सहाला दिवे गेले, मुलगा क्लासहून आला नाही, गाय आजारी आहे, आणि तरीही भिंतीवरच्या क्रुसापुढे पाच मिनिटं उभं राहायचं, याला ताकद लागते. मोठ्या गावांत मिस्सा, धर्मग्राम, प्रार्थनागट यांचा आधार असतो. जिथे कॅथलिक घर एकटं असतं, तिथे त्या पाच मिनिटांवरच सगळा भार येतो.

या आठवड्यासाठी एवढंच सुचवतो. १४१वं स्तोत्र संध्याकाळी मोठ्याने वाचा. ते संपल्यावर जेवण होईपर्यंत घरातल्या कोणाबद्दलही तक्रारीचा शब्द काढायचा नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवा. रात्री ठिपके मोजा, मुलांनाही मोजू द्या. त्यांचे ठिपके तुमच्याहून कमी निघाले तर तसं त्यांना सांगा.

पुढच्या लेखांकात उपवास. लॅटिन परंपरेत उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो, सिरो-मलबार परंपरेत मात्र सोमवारी. या दोन दिवसांच्या फरकामागे दिवस मोजण्याची वेगळी रीत आहे. आपण तिथून सुरुवात करू.