विश्लेषण : स्वस्तातली जुनी फियाट घेताय? समुद्रकाठी रंग नव्हे, रंगाखालचा पत्रा बघा!

जुनी प्रीमियर पद्मिनी किंवा पहिल्या पिढीतील मारुती ८०० अजूनही नव्या मोटारीपेक्षा बऱ्याच कमी पैशांत मिळते. मोबाइलवरच्या फोटोत ती चकाकते, विकणारा ‘नुकताच फुल पेंट केलाय’ असे सांगतो आणि सौदा ठरतो. पालघरजवळच्या शिरगावसारख्या समुद्रकाठच्या गावात ही गाडी राहणार असेल, तर ‘नुकताच पेंट’ हे शब्द ऐकून खूश होण्याऐवजी सावध व्हायला हवे. असे का?

पद्मिनीच का?

महाराष्ट्रात ‘परवडणारी क्लासिक’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फियाट येते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात ही गाडी तयार होत असे. १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ आली, १९७४ मध्ये तिचे नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले आणि २००० च्या सुमारास उत्पादन थांबले. नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली. १०८९ सीसीचे इंजिन, कार्बोरेटर, स्टिअरिंगजवळचा गिअर. यात संगणक कुठेच नाही, त्यामुळे जुना मेकॅनिक ती रस्त्याच्या कडेलाही दुरुस्त करू शकतो. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीसाठीची २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती सेवेतून गेली. खासगी पद्मिनींना मात्र हा नियम लागू नव्हता, म्हणून त्या अजून विक्रीला येतात.

१४ डिसेंबर १९८३ रोजी आलेली मारुती ८०० चालवायला सोपी आणि सुट्या भागांसाठी सोयीची. पण तिचा पत्रा पातळ, त्यामुळे गंज धरला की दुरुस्तीला फारसा वेळ देत नाही.

झाडाखालचे पेंटिंग

मोटार ही घरातली सर्वात महाग वस्तू होती, त्या काळात रंग उडाला म्हणून मोठा खर्च करणे कोणालाच परवडत नसे. गॅरेजबाहेर झाडाखाली गाडी उभी करायची, धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी शिंपडायचे, काचांना जुनी वर्तमानपत्रे चिकटवायची आणि कंप्रेसर सुरू करायचा. दरवाजाची रबरे, हँडल, दिव्यांच्या कडा काढण्यात दिवस जातो आणि दिवसाचे पैसे लागतात. म्हणून त्यांच्यासकट फवारा मारला जाई. ऐंशी-नव्वदच्या दशकातील कित्येक गाड्यांच्या काळ्या रबरांवर पांढऱ्या किंवा फिक्या निळ्या रंगाचे शिंतोडे दिसत, ते यामुळेच.

त्याहून स्वस्त काम ब्रशचे. दारे-खिडक्यांना लावतात तोच सिंथेटिक इनॅमल, म्हणजे बोलीभाषेतला ऑइल पेंट, गाडीला फासला जाई. ब्रशचे ओरखडे दिसत, चार दिवस गाडी चिकट राही, तिच्यावर माशा आणि धूळ बसे. तरीही एक गोष्ट त्या रंगाच्या बाजूने सांगायला हवी. पत्रा नीट खरवडून, रेड ऑक्साइड लावून वर दिलेला जाड ऑइल पेंट गंजापासून बरे संरक्षण देतो. शिरगावच्या शेजारच्या सातपाटी बंदरात मासेमारी बंदीच्या काळात होड्यांची डागडुजी आणि रंगकाम चालते, तेही याच समजुतीने : दिसण्यापेक्षा टिकणे महत्त्वाचे आणि काम पुन्हा करावे लागणारच. खरा घात केला तो गंजावर थेट लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर चकचकीत फवारा मारण्याच्या पद्धतीने.

खाऱ्या हवेत नेमके काय होते?

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच विरघळून पत्र्यावर खारट पाण्याचा थर धरते. किनाऱ्यावर अशी आर्द्रता पावसाळ्यातच नव्हे, इतर महिन्यांतही रात्री-पहाटे सहज असते. त्या थरातील क्लोराइड लोखंडाचे गंजणे वेगाने वाढवते. रंगाला टाचणीएवढी चीर असली तरी पुरते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे रंग आतून फुगतो. मालकाला फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा आधीच खाल्लेला असतो. पुट्टी ओलावा शोषते, म्हणून तिच्याखाली हे काम आणखी निवांत चालते. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात गाडी उघड्यावर उभी राहत असेल, तर हवेतील आम्लधर्मी घटक रंगाची चमक खातात, ही वेगळी भर.

हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, मारुती ८०० या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. तळाचा पत्रा, दरवाजाखालचे पोकळ पट्टे आणि खांब हीच त्यांची हाडे. ती पोखरली असतील तर इंजिन कितीही गोड चालले तरी धडकेत गाडी प्रवाशांना वाचवू शकत नाही. इंजिन पुन्हा बांधता येते. सडलेला तळ नव्याने बनवणे हे त्याहून मोठे, महागडे आणि कुशल हातांचे काम आहे; ते नीट करणारे पत्राकाम मिस्त्री आता कमी उरले आहेत.

रंगाखालचे कसे ओळखायचे?

फ्रिजवर लावतात तसे साधे चुंबक पातळ कापडात गुंडाळून चाकांच्या कमानी, दरवाजांचा खालचा भाग आणि दरवाजाखालचे पट्टे यांवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नव्हे, पुट्टी आहे. पायाखालचे मॅट उचला, डिकीत स्टेपनीखाली हात घाला, बॅटरीखालची जागा बघा. जॅक लावायच्या जागी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका; भद्द आवाज आला तर सौदा थांबवा. रबरावर शिंतोडे असतील तर रंग घाईत झाला आहे. डॅशबोर्डच्या खणात किंवा डिकीच्या अस्तराखाली मूळ रंग सापडतो आणि तो आरसी बुकात लिहिलेल्या रंगाशी जुळतो का, हेही तिथेच कळते. विकणारा ‘मॅट उचलू नका, चिकटवलेत’ म्हणाला, तर उत्तर मिळालेच. या सगळ्या तपासणीनंतर, जागोजागी रंग उडालेली पण कोरड्या तळाची गाडी ही नव्या रंगाच्या गाडीपेक्षा चांगली खरेदी ठरते.

कमी पैशांत रंग काढायचाच असेल तर?

आधी जुना रंग कोणता ते बघावे. लपलेल्या जागी थिनरचा बोळा घासला की एनसी, म्हणजे पूर्वीचा ‘ड्युको’, विरघळून कापडाला लागतो; ऑइल पेंट सुरकुततो; हार्डनर घातलेला पीयू रंग तसाच राहतो. ऑइल पेंटवर थेट एनसी किंवा पीयू मारला तर त्यातील थिनर खालचा थर उचलतो आणि सबंध बॉनेट भाजलेल्या पापडासारखे दिसते. झाडाखालच्या पेंटिंगमध्ये हे नेहमी घडे. पावसाळ्यात तर काम काढूच नये. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतला ओलावा बसतो आणि एनसी रंग पांढुरका पडतो.

पैसे कमी असतील तर गाडीभर फवारा न मारता गंजलेले भाग कापून नवा पत्रा जोडणे, प्रायमर देणे, पोकळ पट्ट्यांत मेण किंवा तेलकट संरक्षक सोडणे आणि तळाला कोटिंग करणे एवढ्यावर खर्च करावा. वरचा रंग दोन वर्षे विटका राहिला तरी चालतो. पीयू रंगाच्या हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे पेंटरला दमा होऊ शकतो. तोंडाला फडके बांधून हे काम होत नाही, योग्य मास्क लागतो. दर ठरवताना त्याचा खर्चही धरायला हवा.

कागदपत्रांचे काय?

रंग बदलला तर आरसीत नोंद करावी लागते. १५ वर्षे पूर्ण झालेल्या खासगी मोटारीची नोंदणी तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी वाढते. त्याचे केंद्रीय शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. परराज्यातील गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

‘व्हिंटेज’ नोंदणीचा मोह अनेकांना होतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ती ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील खासगी वाहनांनाच मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. शिरगावहून रोज सकाळी पालघर स्टेशन गाठायचे असेल, तर ऐंशीच्या दशकातील पद्मिनी आणि साधे नूतनीकरण हाच मार्ग उरतो.