क्षयरोग, लोह आणि पेशींचा मृत्यू

क्षयरुग्णाचे हिमोग्लोबिन कमी असल्याचे कळताच नातेवाईक बहुधा लोहाच्या टॉनिकची बाटली घेऊन येतात. त्यामागील माया आम्ही जाणतो. तथापि डॉक्टरांच्या सल्ल्याविना असे टॉनिक देऊ नये, असा आमचा आग्रह का असतो, हे येथे नमूद करणे अगत्याचे वाटते.

लोहाशिवाय हिमोग्लोबिन तयार होत नाही, हे खरेच. परंतु क्षयाच्या जंतूसही वाढीसाठी लोह लागते. म्हणून संसर्ग होताच शरीर आपले लोह साठ्यात अडवून ठेवते. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे संप्रेरक आतड्यातून लोह शोषले जाण्यास आळा घालते. क्षयरुग्णाच्या पंडुरोगामागे पुष्कळदा हेच कारण असते. मूळ रोगावर उपचार झाले की हिमोग्लोबिनही सुधारू लागते.

दुसरी बाब पेशींच्या मृत्यूची. पेशीत मोकळे लोह वाढले आणि तिची संरक्षक द्रव्ये अपुरी पडली, की पेशीच्या आवरणातील स्निग्ध पदार्थ खराब होऊन पेशी फुटते. या प्रकारास २०१२ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘फेरोप्टोसिस’ हे नाव दिले. जंतूंना गिळून नष्ट करणाऱ्या आपल्या भक्षक पेशी क्षयाच्या संसर्गात अशा रीतीने मरतात व त्यामुळे जंतू पसरण्यास वाव मिळतो, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. हा मृत्यू रोखणारे द्रव्य दिलेल्या उंदरांच्या फुफ्फुसांतील जंतू व इजा दोन्ही घटली. मनुष्यासाठी मात्र असे क्षयाचे औषध अद्याप उपलब्ध नाही.

याचा अर्थ लोह हे विष आहे, असा कोणी घेऊ नये. लोहाची खरी उणीव असलेल्या रुग्णांस, तसेच गरोदर स्त्रियांस, डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतात. त्या परस्पर बंद करू नयेत. पालेभाज्या, डाळी, अंडी हा आहार निःशंकपणे द्यावा. निक्षय पोषण योजनेतून क्षयरुग्णास नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये मिळतात. ते टॉनिकऐवजी अशा आहारावर खर्च व्हावेत. क्षयाच्या औषधांचा क्रम तर कोणत्याही कारणाने खंडित होऊ देऊ नये.

उणीव खरी की संसर्गामुळे भासणारी, हे केवळ हिमोग्लोबिनवरून ठरत नाही; त्यासाठी फेरिटिनसारख्या आणखी तपासण्या कराव्या लागतात. गरजू रुग्णांचा हा खर्च देणगीदारांच्या साहाय्यामुळेच आम्हांस उचलता येतो.