हवेच्या संशोधनाला पैसे कोणाचे?

'ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी' ही म्हण आपल्याला लागू पडत नाही, असे संशोधक सांगतात. बाकीच्यांना ते पटत नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत मोटारींच्या धुरावरून नेमका हाच तिढा पडला होता. कंपन्यांच्या पैशांतून झालेल्या अभ्यासावर सरकारचा भरवसा नव्हता आणि सरकारी पर्यावरण संरक्षण संस्थेचे, म्हणजे 'ईपीए'चे, निष्कर्ष कंपन्यांच्या गळी उतरत नव्हते.

१९८० साली त्यावर एक वेगळाच तोडगा निघाला. बॉस्टन परिसरात 'हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूट' ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. तिला निम्मे पैसे ईपीएने द्यायचे आणि निम्मे मोटार कंपन्यांनी. अध्यक्षपदी आणले आर्चिबाल्ड कॉक्स यांना. वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या ध्वनिफिती मागण्यावरून हटून बसलेले आणि त्यापायी १९७३ मध्ये पद गमावलेले हे विशेष सरकारी वकील. धुराचा अभ्यासक नसलेला, पण कोणाच्या दबावाखाली येणार नाही याची देशाला खात्री असलेला माणूस. कोणता प्रश्न अभ्यासायचा आणि पैसे कोणाला द्यायचे हे शास्त्रज्ञांची एक समिती ठरवते. निष्कर्ष हाती आले की ते तपासते दुसरीच समिती. अहवाल कोणाला रुचो वा न रुचो, तो छापला जातो. नियम कडक करा की सैल करा, यावर संस्था तोंड उघडत नाही. मला यातली दुसरी समिती सर्वांत महत्त्वाची वाटते. स्वतः निवडलेल्या संशोधकाच्या चुका काढणे कोणालाही जड जाते.

या व्यवस्थेची खरी परीक्षा झाली ती हार्वर्डच्या 'सहा शहरां'च्या अभ्यासावरून. १९७३च्या तेलटंचाईनंतर अमेरिका पुन्हा कोळशाकडे वळणार, अशी चिन्हे होती. त्याचा लोकांच्या तब्येतीवर काय परिणाम होईल, हे पाहण्यासाठी १९७४ पासून सरकारी निधीतून सहा गावे निवडली गेली. ओहायोतले पोलादाच्या कारखान्यांचे स्टूबेनव्हिल त्यांत होते, तसेच विस्कॉन्सिनमधले स्वच्छ हवेचे पोर्टेजही. आठ हजारांवर प्रौढ माणसे यादीत घेतली. त्यांचे वय, वजन, धूम्रपान, शिक्षण, नोकरी असे सगळे नोंदवले, नळीत जोराने फुंकायला लावून फुप्फुसांची ताकद मोजली आणि मग त्यांतले कोण जगले, कोण गेले, यावर १४ ते १६ वर्षे लक्ष ठेवले.

गावागावात हवा मोजण्याची यंत्रे बसवली होती. मोजणीची ही रीत आजही फारशी बदललेली नाही. पातळ गोल गाळणी आधी सूक्ष्म तराजूवर तोलायची. तिच्यातून चोवीस तास ठरलेल्या वेगाने, मिनिटाला सुमारे १६.७ लिटर, हवा ओढायची आणि ती पुन्हा तोलायची. दिवसभरात २४ घनमीटर हवा तिच्यातून जाते. हवेत पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक, कणांचे प्रमाण घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम असेल, तर गाळणीवर जमा होतो एक मिलिग्रॅमहूनही कमी ऐवज. खोलीतला दमटपणा बदलला तरी एवढा फरक पडू शकतो, म्हणून तोलण्याची खोली ठरावीक तापमानाला आणि आर्द्रतेला ठेवतात. असे काम वर्षानुवर्षे बिनचूक करायचे, तर तीन वर्षांचे अनुदान पुरत नाही.

डग्लस डॉकरी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. धूम्रपान वगैरे कारणे वजा केल्यावरही सर्वांत प्रदूषित गावातला मृत्युदर सर्वांत स्वच्छ गावापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त होता. पाठोपाठ अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या पाच लाखांवर माणसांच्या नोंदींतूनही तीच दिशा दिसली. या पुराव्याच्या आधारावर ईपीएने १९९७ मध्ये पीएम २.५ साठी पहिल्यांदाच मर्यादा घातली आणि एकच गहजब उडाला. उद्योगांनी मूळ कागद मागितले. हार्वर्डने नकार दिला, कारण सहभागी माणसांना गुप्ततेचा शब्द दिलेला होता. शेवटी सगळी माहिती हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटकडे सोपवायचे ठरले. डॅनियल क्रूस्की यांच्या नेतृत्वाखाली कॅनडातल्या चमूने ती पहिल्यापासून तपासली. २००० साली उत्तर आले : आकडे जवळजवळ तेच. निम्मे पैसे मोटार कंपन्यांचे असलेल्या संस्थेने हे सांगितल्यावर वादातली बरीच हवा गेली.

दरम्यान अमेरिकी संसदेने कणप्रदूषणाच्या संशोधनाचा निधी वाढवला, पण सोबत एक अट घातली. काय शोधायचे याचा आराखडा राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने आखून द्यावा. जोनाथन सॅमेट यांच्या समितीने दहा विषय पुढे ठेवले. चौकातले यंत्र जे मोजते, तेच घरात बसलेल्या आजारी म्हाताऱ्याच्या छातीत जाते का? कणांतले नेमके काय घातक, काजळी, धातू की गंधकाचे क्षार? समिती एक अहवाल देऊन मोकळी झाली नाही. १९९८ ते २००४ या काळात तिने चार अहवाल दिले आणि पैसे ठरल्या कामी लागले का, हेही पाहिले.

मग २००२ मध्ये एक नामुष्की ओढवली. इन्स्टिट्यूटच्याच पैशांतून अमेरिकेतल्या ९० शहरांचा अभ्यास करणाऱ्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना आढळले की, संगणकप्रणालीतली एक मूळ जुळणी त्यांनी न बदलता वापरली होती आणि त्यामुळे गणित अर्धवट थांबत होते. पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) दर १० मायक्रोग्रॅमनी वाढले की मृत्यू ०.४१ टक्क्यांनी वाढतात, असे आधी छापले होते. दुरुस्तीनंतर तो आकडा ०.२७ वर आला. संशोधकांनी हे स्वतःहून जाहीर केले आणि इन्स्टिट्यूटने तीच प्रणाली वापरलेले इतर अभ्यासही पुन्हा करून घेऊन पुढच्याच वर्षी फेरहिशेब छापला. परिणाम आकाराने घटला, नाहीसा झाला नाही.

आपल्याकडे सुरुवात उशिरा झाली, असे म्हणता येणार नाही. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. एस. आर. कामत यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतल्या कमी-अधिक प्रदूषित वस्त्या आणि तुलनेला एक ग्रामीण भाग घेऊन तीन वर्षांचा अभ्यास हाती घेतला होता. पहिल्या वर्षाचे निष्कर्ष १९८० मध्येच प्रसिद्ध झाले. गिरण्या आणि चेंबूरचे कारखाने धडधडत होते तो हा काळ. ती माणसे पुढे तीस-चाळीस वर्षे पाहत राहिलो असतो, तर आज आपल्याकडे जगाला दाखवण्याजोगा पुरावा असता.

२०२४ मध्ये दहा भारतीय शहरांतल्या रोजच्या मृत्यूंचा मोठा अभ्यास 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये आला. त्यात मुंबई आणि पुणेही होते. या शहरांतल्या सुमारे ७.२ टक्के मृत्यूंचा संबंध पीएम २.५शी जोडता येतो, असा त्याचा हिशेब. संशोधक भारतीय आणि परदेशी, पैसा मात्र स्वीडनच्या संशोधन परिषदेचा. आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, या विषयात काहीच केले नाही असे नाही. पण संसदेत प्रश्न आला की उत्तर ठरलेले असते : केवळ प्रदूषणामुळे मृत्यू झाल्याचा निर्णायक पुरावा नाही. पुरावा नसेल, तर तो गोळा करण्याची जबाबदारी कोणाची?

२०१९ पासून राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम चालू आहे आणि महाराष्ट्रातली १९ शहरे त्यात आहेत. निधीचा मोठा भाग रस्त्यावरच्या धुळीपायी खर्च होतो. त्यातला थोडा वाटा बाजूला काढून या शहरांतली काही हजार माणसे वीस वर्षे पाहावीत, आणि हे काम महापालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ, उद्योग यांपैकी कोणाच्याही हाताखाली नसलेल्या संस्थेकडे द्यावे. हे काम परवडत नाही, असे कोणी सांगितले तर एवढेच लक्षात ठेवावे : मृत्युदर २६ टक्क्यांनी जास्त आढळलेल्या स्टूबेनव्हिलमध्ये पीएम २.५चे सरासरी प्रमाण घनमीटरला ३० मायक्रोग्रॅमहून किंचित कमी होते. भारताने २००९ मध्ये ठरवलेली वार्षिक मर्यादा ४० आहे.