भरपाई मागणारा शास्त्रज्ञ

बांगलादेशचे मरहूम डॉ. सलीमुल हक यांचे नाव आपल्या घरांत फारसे घेतले जात नाही. 28 ऑक्टोबर 2023 रोजी ढाक्यात त्यांचा इंतकाल झाला, तेव्हाही आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी फारशी दखल घेतली नाही. अल्लाह त्यांची मगफिरत करो. त्यांनी आयुष्यभर लावून धरलेला प्रश्न मात्र आपल्या कोकणच्या दारातही उभा आहे, म्हणून हा लेख.

हक साहेबांचा जन्म 1952 साली कराचीत झाला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून त्यांनी वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. पुढे जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून तयार केलेल्या हवामान अहवालांचे लेखनही त्यांनी केले. एवढ्यावर थांबले असते तरी मोठेच म्हटले गेले असते. पण अहवाल लिहून झाला म्हणजे काम झाले, असे त्यांनी कधी मानले नाही. 1995 च्या बर्लिन परिषदेपासून 2022 पर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या सत्ताविसाव्या हवामान परिषदेपर्यंत त्यांनी एकही चुकवली नाही. तिथे ते गरीब देशांच्या प्रतिनिधींना सल्ला देत, मुद्दे समजावून सांगत. एका अर्थी शिकवणीच!

त्यांच्या देशाचे दुखणे साधे आहे. जगाच्या धुरात बांगलादेशचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तरीही समुद्राचे पाणी शेतात आणि तळ्यांत शिरते ते त्यांच्याच. खुलना भागातील दाकोप येथे खारट पाणी पिणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये रक्तदाबाचा त्रास जास्त असल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. सुनेच्या बाळंतपणापर्यंत हवामान येऊन पोहोचले, ते असे.

हा देश हातावर हात ठेवून बसला असेही नाही. 1970 च्या चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख माणसे गेली, 1991 मध्ये सुमारे 1 लाख 38 हजार. 2020 मध्ये अम्फान आले तेव्हा वीस लाखांहून अधिक लोक वेळेत हलवले गेले आणि मृतांचा आकडा काही दहांतच राहिला. स्वयंसेवक गावोगाव इशारा देतात. वादळासाठी बांधलेली कितीतरी निवारागृहे एरवी शाळा म्हणून चालतात. आम्हा शिक्षकांना ही गोष्ट विशेष वाटते. जगाने बांगलादेशकडून शिकावे, असे हक साहेब सांगत, ते याच्या जोरावर. 2009 साली त्यांनी ढाक्यात हवामान बदलावरील आंतरराष्ट्रीय केंद्र उभे केले, तेही तरुण संशोधक घडवण्यासाठी.

पण जीव वाचला तरी घर, गुरे, शेत जातेच. त्याचे काय? 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने रायगडच्या किनाऱ्यावर हाच प्रश्न विचारला. श्रीवर्धनच्या वाड्यांत सुपारी आणि नारळ आडवे झाले. आजोबांनी लावलेली वाडी एका दुपारी गेली. नवे रोप लावले तरी सुपारी हातात यायला कितीतरी वर्षे जातात, तोवर घर कशावर चालायचे?

आपल्या दीनमध्ये हक्कुल्लाह आणि हक्कुल इबाद वेगळे सांगितले आहेत. बंद्याचा हक्क मारला तर नुसती तौबा पुरत नाही. ज्याचे त्याला परत करावे लागते, किंवा त्याच्याकडून माफ करून घ्यावे लागते. हक साहेबांची मागणी वाचताना आम्हाला हाच मसला आठवतो. ज्यांच्या धुराने नुकसान झाले त्यांनी ते भरून द्यावे, एवढेच ते म्हणत होते. प्रशांत महासागरातील वानुआतू या छोट्या देशाने अशी मागणी 1991 मध्येच मांडली होती. श्रीमंत देश कर्ज द्यायला तयार होत, मदत म्हणून काही द्यायलाही तयार होत. पण 'भरपाई' हा शब्द निघाला की अंग चोरत. मदत दिली तर उपकार होतो, भरपाई दिली तर चूक कबूल होते. सगळा वाद तिथेच अडलेला.

अखेर नोव्हेंबर 2022 मध्ये इजिप्तच्या शर्म अल-शेख येथे 'हानी आणि नुकसान' निधी मंजूर झाला, तरी त्यात कोणावर जबाबदारी ठेवलेली नाही. वर्षभराने, 30 नोव्हेंबर 2023 रोजी, दुबईच्या परिषदेत पहिल्याच दिवशी हा निधी सुरू करण्याचा ठराव झाला. संयुक्त अरब अमिराती आणि जर्मनीने प्रत्येकी दहा कोटी डॉलर जाहीर केले. अमेरिकेने पावणेदोन कोटी. हक साहेबांना जाऊन तेव्हा महिना झाला होता.