कोण बोललं ते कळतं. काय बोललं ते?

चिंचपोकळीच्या एका वाचकबाईंचं पत्र आलंय. त्यांची चाळ पुनर्विकासात गेली आणि शेजारी विरार, डोंबिवली, बदलापूरला पांगले. आता रोज रात्री साडेनऊला ही मंडळी एका ॲपवरच्या आवाजी खोलीत जमतात. बोलणं बहुतेक मालवणीत. गेल्या महिन्यात दोनदा कुणी अनोळखी माणूस आत शिरला आणि बायकांबद्दल नको नको ते बोलून गेला. तक्रार केली, तर उत्तर आलं, ‘नियमभंग आढळला नाही.’ बाई विचारतात, ‘कंपनी आमचं बोलणं ऐकते की नाही? ऐकत असेल तर शिव्या कळल्या कशा नाहीत? आणि ऐकत नसेल तर आवाज साठवते कशाला?’

या प्रश्नांनी दुखरी नस बरोबर पकडलीय. कोण बोलतंय हे ओळखणं यंत्राला त्या मानाने सोपं जातं. काय बोलतंय हे कळणं फार अवघड, आणि मराठीत तर जास्तच.

गिरणगावातली जुनी माणसं सांगतात, की भोंगा झाला की तो कुठल्या गिरणीचा हे घरबसल्या कळायचं. वाफ सगळीकडे सारखीच. सूर बदलायचा तो भोंग्याच्या घडणीमुळे. माणसाचा आवाजही असाच घडतो. स्वरतंतूंची थरथर ही वाफ, आणि घसा, जीभ, टाळू, ओठ मिळून भोंग्याची नळी. प्रत्येकाची नळी थोडी वेगळी. बोलताना तिचा आकार सतत बदलतो, पण सेकंदाच्या पन्नासाव्या भागात फारसा नाही. म्हणजे तेवढ्या वेळापुरतं नळीचं वर्णन दहाएक आकड्यांत करता आलं, तर अख्खा आवाज पाठवायची गरजच नाही. आकडे पाठवा, पलीकडे आवाज पुन्हा उभा करा.

ही युक्ती प्रत्यक्षात आणणाऱ्यांत पहिल्या रांगेतलं नाव बिष्णू अटल यांचं. लखनऊ विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकले, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकले, तिथेच शिकवलंही, आणि 1961 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत गेले. आवाजाच्या आधीच्या नमुन्यांवरून पुढचा नमुना वर्तवायचा, ही त्यांची पद्धत; त्यासाठी लागणारे आकडे हेच नळीचं वर्णन. (जपानमध्ये इताकुरा आणि सायतो त्याच सुमारास त्याच वाटेवर होते.) साध्या टेलिफोनच्या डिजिटल आवाजाला सेकंदाला 64 हजार बिट लागत, या पद्धतीने ते 2,400 पर्यंत उतरले. मोबाइलवरचं आपलं बोलणं आजही याच घराण्यातल्या गणितावर चालतं. भौतिकशास्त्राच्या पदवीधरांनाही मी हे नाव विचारून पाहतो. बहुतेकांनी ते ऐकलेलं नसतं. मला याचं दर वेळी वाईट वाटतं.

पण गोम याच गणितात आहे. नळीचे आकडे म्हणजे माणसाची खूण. 1974 मध्ये खुद्द अटल यांनीच दाखवलं, की या आकड्यांवरून बोलणारा ओळखता येतो. अर्थात, ही ओळख बोटाच्या ठशाइतकी पक्की मानू नये. 1962 मध्ये लॉरेन्स कर्स्टा यांनी ‘आवाजाचा ठसा’ म्हणून मोठा गाजावाजा केला होता. 1979 च्या अमेरिकी विज्ञान अकादमीच्या अहवालाने त्याला पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलं. आजची यंत्रं त्या काळापेक्षा कितीतरी पुढे आहेत, आणि मुख्य म्हणजे त्यांना या कामासाठी भाषा समजावी लागत नाही. मालवणी असो की जपानी, नळी ती नळीच.

शब्द कळायला मात्र भाषा लागते, आणि भाषा शिकायला ऐकावं लागतं. ओपनएआयने 2022 मध्ये ‘व्हिस्पर’ हे बोलणं लिहून काढणारं मॉडेल आणलं. त्यासाठी इंग्रजी आवाज आणि त्याचा लिखित मजकूर अशी जोडी होती सुमारे 4 लाख 38 हजार तासांची. मराठी आवाज आणि मराठीतच लिहिलेला मजकूर? 0.6 तास. छत्तीस मिनिटं! चिंचपोकळीला धीमी लोकल पकडली, तर तेवढ्या वेळात भांडुपच्या आसपास पोचाल. 2011 च्या जनगणनेत 8 कोटींहून अधिक लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेल्या भाषेची ही शिदोरी. आणि मराठी ऐकवणारी माणसं मिळत नाहीत, असंही नाही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कमी उत्पन्नाच्या ग्रामीण आणि शहरी लोकांकडून व विद्यार्थ्यांकडून, मिळून अवघ्या 36 जणांकडून, 109 तासांचं मराठी बोलणं गोळा झालं. कमी उत्पन्नाच्या लोकांच्या कामाचा दर्जाही विद्यार्थ्यांच्या तोडीचा निघाला.

मी फोनसमोर म्हणून पाहिलं, ‘मेल्या, खंय होतंस इतके दिस?’ पडद्यावर उमटलं, ‘मिळाल्या काय होतंय इतके दिवस’. पत्रातल्या मंडळींच्या तोंडी ‘मेल्या’ हे लाडाचं संबोधन. यंत्राने शब्द बरोबर ऐकला असता, तरी त्याला त्यात मरण दिसलं असतं. उलट ‘तुमच्यासारख्यांना चाळीत जागा मिळाली, हेच खूप’ या वाक्यात एकही वाईट शब्द नाही.

अशाच आवाजी खोल्यांचं एक ॲप, क्लबहाउस, मे 2021 मध्ये अँड्रॉइडवर भारतात आलं. त्याच नोव्हेंबरात ॲपमध्ये 13 भाषा आल्या. त्यांत हिंदी, कन्नड, मल्याळम, तमिळ, तेलुगू होत्या, मराठी नव्हती. खोली चालू असेपर्यंतच आवाज तात्पुरता ठेवायचा, तक्रार झाली तर तपासासाठी राखायचा, नाही तर पुसायचा, असं कंपनीचं धोरण होतं. वाचकबाईंच्या ‘साठवते कशाला’चं उत्तर निदान काही कंपन्यांपुरतं हे आहे. पण ठेवलेला आवाज कुठून कुठे जातो, हा वेगळा प्रश्न. फेब्रुवारी 2021 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांना दिसलं, की ॲपची आवाज-यंत्रणा अगोरा ही कंपनी पुरवते, तिचं एक मुख्यालय शांघायला आहे, आणि सदस्यांचे व खोल्यांचे क्रमांक उघडेच, कुलूप न लावता पाठवले जातायत. जानेवारी 2022 मध्ये क्लबहाउसवरच्या, मुस्लिम महिलांबद्दलच्या किळसवाण्या गप्पांवरून मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने हरियाणातून तिघांना अटक केली. त्या गप्पांचं रेकॉर्डिंग समाजमाध्यमांवर फिरलं होतं आणि माणसांनी ते ऐकून तक्रार केली होती.

2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यायला सांगितलंय. म्हणजे मराठीतही. तक्रार ऐकणाराही मराठी जाणणारा हवा, ही मागणी त्याच्या शेजारची आहे, आणि ती वाचकांनी लावून धरावी असं मला मनापासून वाटतं. माणसाने ऐकायची रीत नवी नाही. छत्तीसगढमध्ये 2010 मध्ये सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वर’ने साध्या फोनवरून लोकांचे निरोप गोळा केले. तिथे माणूस आधी ऐकायचा, मगच निरोप पुढे जायचा. तिथली गोंडी भाषा कळणारं यंत्र तेव्हा नव्हतंच.

वाचकबाईंना हे सगळं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, की खोलीच्या दारावर आता दोघींची आळीपाळीने राखण लावलीय. नाव ओळखीचं, पण आवाज अनोळखी असेल, तर त्या विचारतात, ‘तुमच्या मजल्यावर नळाला पाणी किती वाजता यायचं?’