मुदपाकखान्याचा भिक्षू

मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या ‘कुंदुन’ (१९९७) या दलाई लामांवरील चित्रपटात धंदेवाईक नट जवळजवळ नाहीतच. परागंदा तिबेटी माणसांनीच भूमिका केल्या. त्यांतली मुदपाकखान्याच्या प्रमुखाची भूमिका तशी छोटी. पण आईवडिलांपासून दूर राहणाऱ्या बाल दलाई लामांचा या भिक्षूवर इतका जीव, की दाराआडून त्याच्या वस्त्राचा काठ दिसला तरी त्यांना धीर येई! हे इमान कुणा नटाला शिकवायचे तरी कसे? निवड झाली लोबसांग सामतेन यांची. एकेकाळी दलाई लामांच्याच नामग्याल मठातले भिक्षू, रंगीत वाळूची मंडले रेखाटण्यात निष्णात. चित्रपटाचे धार्मिक सल्लागारही तेच. तिबेटात चित्रीकरण अशक्यच होते. ल्हासा उभे राहिले मोरोक्कोत आणि लहानपणीच मायदेश सुटलेले सामतेन तिथे बाल लामांच्या सेवेला रुजू झाले.